खिम्याचा एक्स-रे

प्रिय अण्णा,

काल दुपारी रॉन आला होता. तुमचा रानबा! बूट न सांगता दाराबाहेर काढले, आईला "नमस्ते, सिस्टर" म्हणाला आणि तुम्ही शिकवलेला तीन चमचे साखरेचा चहा प्यायला. येताना बर्फाच्या डब्यात हरणाचं मटण घेऊन आला होता. उठता उठता त्याने माझ्या हातात एक मोठं तपकिरी पाकीट दिलं.

ते पाकीट उघडल्यापासून मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही फेब्रुवारीत गेलात, म्हणजे तोंडी बोलायची सोय राहिली नाही. म्हणून हे पत्र. पाकिटात काय होतं ते सांगते, पण आधी मला गेल्या जुलैतल्या, इथल्या ऐन हिवाळ्यातल्या त्या रविवारी परत जाऊ द्या. तिथे माझं काहीतरी राहिलं आहे.

तुम्हाला आठवतं ना, हे हरणाचं मटण आपल्याकडे आलं कसं? पेनरोजच्या गोदामात तुम्ही दोघं एकाच शिफ्टला. रॉन हंगामात शिकारीला जायचा आणि सोमवारी मटण वाटायचा. एकदा त्याने गोळी लागलेला खांदा वेगळा बांधून ठेवलेला तुम्ही पाहिलात.

"रॉन, धिस वन, व्हेअर गोइंग?"

"डॉग्ज, मेट."

"नो डॉग्ज! माय हाउस, टू डॉटर्स!"

ही गोष्ट तुम्ही घरी येऊन किती वेळा सांगितलीत! आपल्याकडे अन्न टाकायचं नाही. साताऱ्याहून सातासमुद्रापार इथे टाकानिनीत आलो तरी तो नियम तुम्ही बॅगेत भरून आणलात. खांदा रक्ताळलेला, तुकडे नीट निघत नाहीत, म्हणून तुम्ही त्याचा खिमा केलात. दह्यात, लिंबात मुरवलेला, वर गावाकडचा कांदा-लसूण मसाला. अण्णा, तसा खिमा मी पुन्हा कुठे खाल्ला नाही.

मग ताईला दिवस गेले आणि तिला डोहाळे लागले तेही त्याच खिम्याचे. फ्लॅट बुश उपनगरातून दाजी गाडी काढून डबा न्यायला यायचे. तुम्ही तर काय, खुशीत! "लेकीला बापाच्या हातचं खावंसं वाटतंय, अजून काय पाहिजे?"

मला मात्र कॉलेजातला एक तास आठवत होता. शिशाची गोळी हाडावर आपटली की फुटते आणि तिचे दाताला न जाणवणारे कण मांसात लांबवर पसरतात. ते धुऊन जात नाहीत, शिजवून जात नाहीत, उलट आंबटात मुरले की जास्त विरघळतात. पोटातल्या बाळाच्या मेंदूला ते थोडेसुद्धा नकोत. आणि आपण नेमका जखमेजवळचा खांदा घेत होतो. दह्यात, लिंबात मुरवत होतो. आणि गरोदर ताईला देत होतो!

पहिल्यांदा मी नीट सांगितलं होतं. सांगितलं होतं ना?

"अण्णा, त्या मटणात शिसं असू शकतं."

तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत, तिचं टोक जिभेला लावलंत. गोदामात खोक्यांवर आकडे टाकताना लावायचात तसंच. "हे बघ. पस्तीस वर्षं शिसं चाटतोय. काय झालंय का मला?"

"अण्णा, पेन्सिलीत शिसं नसतं! ग्राफाइट असतं!"

"मग तिला शिसपेन्सिल कशाला म्हणतात? तुझ्या कॉलेजानं नाव बदललं का?"

आई हसली. ताई तर पोट धरून हसली. मी नाही हसले. आता वाटतं, किती सोपं होतं हसणं! पण मी घरातली पहिली पदवीधर. पदवी नवीकोरी, नोकरी नाही, आणि त्या क्षणी वाटलं, हे सगळे माझ्या तीन वर्षांना हसताहेत.

म्हणून मी पुरावा आणायचा ठरवला. शनिवारी मी प्राण्यांच्या दवाखान्यात फोन घ्यायला बसायचे. फ्रिजरमधला खिम्याचा डबा तिथे नेला. डॉक्टरीण बाईंनी गंभीर चेहऱ्याने अर्ज पुढे ओढला.

"पेशंटचं नाव?"

"खिमा."

"जात?"

"हरीण."

"बराच आजारी दिसतोय," म्हणाल्या आणि एक्स-रे काढून दिला. फिल्म उजेडात धरली आणि आमचं हसू थांबलं. काळ्या पाटीवर खडूची भुकटी उडावी तसे पांढरे ठिपके. मोजायला घेतले आणि सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. रॉन जेवायला आलेला. ताई, दाजी, सगळे टेबलाभोवती. ताईने पहिला घास उचलला आणि मी ती फिल्म टेबलावर, अगदी खिम्याच्या भांड्यावर आडवी टाकली. आणि बोलले ते इंग्रजीत. का? रॉनला कळावं म्हणून, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे तुम्हाला त्या भाषेत उत्तर देता येणार नाही, हे मला माहीत होतं.

"यू आर फीडिंग हर पॉयझन."

अण्णा, तुमचं इंग्रजी गोदामापुरतं. पण पॉयझन हा शब्द तुम्हाला येत होता. गोदामातल्या निम्म्या ड्रमांवर तोच लिहिलेला असायचा.

तुम्ही ताईच्या हातातला घास हळूच काढून घेतलात. भांडं उचललंत, मागच्या दाराने बाहेर गेलात आणि अख्खा खिमा कचऱ्यात ओतलात. तुम्ही अन्न टाकताना मी पहिल्यांदाच पाहिलं. परत आलात, फिल्म उचललीत, खोलीत गेलात.

तीन दिवसांनी एवढंच म्हणालात, "ताईला रक्ततपासणीला घेऊन जा." आम्ही गेलो. शिसं थोडं होतं. घाबरण्याइतकं नाही, पण ते मटण आता नको, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या तपासणीत ते उतरलं. नोव्हेंबरात रेवा आली. गुटगुटीत, रडकी, तुमच्या कपाळाची. सगळं नीट झालं.

फक्त मी माफी मागितली नाही. वाटायचं, माझं म्हणणं खरं होतं, मग माफी कशाची? आणि तुम्हीही तो विषय काढला नाहीत. खिमाही पुन्हा केला नाहीत. मला वाटलं, फिल्म कधीच फाडून टाकली असेल. तुमचा राग गेला होता का? तो गेला की नाही, हेच मला तुमच्या खोलीतली कपाटं आवरताना कळत नव्हतं.

काल रॉनच्या पाकिटातून तीच फिल्म निघाली. चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं.

"तुला माहीत नाही?" तो म्हणाला. "त्या सोमवारीच तो घेऊन आला. चहाच्या खोलीत खिडकीच्या चौकटीला, काचेसमोर, टाचण्यांनी लावली. नवा माणूस आला की त्याला हाताला धरून न्यायचा. 'लुक. माय डॉटर, युनिव्हर्सिटी. लुक!'"

मी टाचणीच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"आणि माझ्या मागे तर हात धुऊन लागला. रोज चहाला तेच. 'रॉन, कॉपर?' तांब्याच्या गोळ्या तशा फुटत नाहीत, पण महाग, बंदुकीचा नेम पुन्हा जुळवायला लागतो, मी टाळत होतो. शेवटी घेतल्या. सोमवारी सांगणार होतो." रॉनने मान खाली घातली. "सोमवारी तो कामावर आलाच नाही."

अण्णा, तो त्या बर्फाच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे तांब्याच्या गोळीचं पहिलं. त्याच्यासाठी." मग आई आणि तो, दोघंही एकमेकांची भाषा न कळता बराच वेळ रडले.

जाताना त्याने विचारलं, "फिल्मखाली त्याने पट्टीवर काहीतरी लिहिलंय. आम्हाला कुणालाच वाचता आलं नाही. विचारलं तर नुसता हसायचा. काय आहे ते?"

खाली पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावर पेन्सिलीने, तुमच्या त्या खोक्यांवरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

"आमच्या मनीचं म्हणणं खरं आहे."

मराठीत! त्या गोदामात मराठी वाचणारं दुसरं कोण होतं, अण्णा? ते कुणासाठी लिहिलं होतंत? मला घरी का नाही सांगितलंत? एकदा, भाजी चिरताना, सहज?

पण मीही कुठे सांगितलं? आता सांगते. माझं म्हणणं खरं होतं आणि माझं बोलणं चुकलं होतं. तुम्ही विष घातलं नाहीत. जे टाकून दिलं जात होतं, ते तुम्ही मायेने शिजवलंत. मला माफ करा.

आज आईने आणि मी खिमा केला. जखमेजवळचं मात्र मी काढून टाकलं, तांब्याची गोळी असली तरी. रागावू नका. ताईने तीन वेळा घेतला आणि म्हणाली, "मीठ अण्णांसारखं नाही पडलं."

आता वचन. रॉनच्या शिकारी मंडळाने पुढच्या शनिवारी मला बोलायला बोलावलं आहे. सगळे वडीलधारे, आयुष्यभर शिशाच्या गोळ्या वापरलेले, घरच्यांना प्रेमाने मटण खाऊ घालणारे. मी ही फिल्म घेऊन जाईन. तो एक शब्द वापरणार नाही. आवाज चढवणार नाही. आणि सुरुवात शिसपेन्सिलीच्या गोष्टीने करेन. सगळे हसतील, अण्णा.

ह्या वेळी मीही हसेन.

तुमचं म्हणणं आता कुठे ऐकू आलेली,
मनी