गाद्यांच्या खोलीतला ट्रिप हॉप

४ जानेवारी
पुण्यात मुलाच्या, म्हणजे हर्षलच्या गाडीत ट्रिप हॉप ऐकलं. जाडसर ठेका, संथ चाल, गाणारा अर्धवट झोपेत. थक्क झालो. पाचव्या तासाला मी कविता शिकवायचो, ती अशीच! फक्त तेव्हा झोपेत वर्ग असायचा.
संकल्प: स्वतःचा अल्बम. कवी, गायक, निर्माता मीच. क्लबात लोक नाचतील असा.

७ जानेवारी, दुपार
केडगावच्या घरातली गाद्यांची खोली स्टुडिओ म्हणून घेतली. आवाज घुमत नाही. सौ. छबूबाई म्हणाल्या, पाहुणे आले की त्यांना काय तुमच्या ठेक्यावर झोपवू? शेवटी अट ठरली. काष्टीला त्यांच्या भाचीच्या, राजनंदिनीच्या हळदीत लोक माझ्या गाण्यावर नाचले, तर खोली कायमची माझी. नाही नाचले, तर मुकाट सोडायची. किरकोळ अट.

१९ जानेवारी
ठेका मोबाईलवर जमला. गाणं पहिलं: 'चिंचेखाली शाळा भरली'. शब्द माझे, चाल वर्गातली. एक ओळ म्हणायची, मग मुलांनी मागून म्हणायला जागा सोडायची. ठेकाही तिथे थांबवला. सवयच तशी. ती कोवळी, बेसूर गर्जना आठवली आणि डोळे भरून आले. काम बंद.

२ फेब्रुवारी
बाकी गाणी राहिलीत. एका गाण्याचाही अल्बम असू शकतो, असं मी ठरवलं आहे.
मोहियोद्दीन येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, काष्टीत डीजे चालवतो. गाणं ऐकून त्याने मोबाईल उलटासुलटा करून पाहिला. भारावला असणार. मग म्हणाला, सर, हे मधी मधी बंद कशापायी पडतंय? म्हटलं, तो कवितेचा श्वास आहे. म्हणाला, तुमी म्हनताय तर असंल. हळदीत लावतो म्हणाला.

१४ फेब्रुवारी, सकाळ
आज हळद. केस काळे केले. लोकांनी खांद्यावर उचललंच तर असावा, म्हणून कमरेचा पट्टा आतून बांधला.

१५ फेब्रुवारी
मांडव तुडुंब. सगळे बेभान नाचत होते. माझं गाणं लागलं. पहिली ओळ झाली, मग मोकळी जागा. हात वर तसेच राहिले. कुणीतरी ओरडलं, लाइट गेली! नवरीचा बाप भिमाजी जनरेटरकडे धावला. दुसरी ओळ. आता माझ्या हाताखालून गेलेल्या पन्नाशीच्या बाप्यांनी हाताची घडी घातली आणि खड्या आवाजात ओळ मागून म्हटली. शेवटपर्यंत कुणी हललं नाही. मग सगळे रांगेने जेवायला गेले.
सौ.ना म्हणालो, हाताची घडी हीसुद्धा नृत्यातली मुद्राच. त्या म्हणाल्या, अहो, पाय हालले का कुणाचे?

१ मार्च
खोली सोडली. स्वेच्छेने.
दुपारी मोहियोद्दीनचा फोन. गाणं कर्जतपर्यंत पोचलंय, रोज वाजतंय! सौ.ना मुद्दाम ऐकवलं. मग तो म्हणाला, रातच्याला धा वाजता डीजे बंद करावा लागतो सर, अन् पोरं न्हाई ऐकत. तुमचं लावलं की मांडव मोकळा. लई उपकार झाले. फक्त जरा बारकं करा, लोक दुसऱ्या ओळीलाच जात्यात, फुडचं वाया जातं.
बारकं करायला घेतलंय. स्वयंपाकघरात, कुकर बंद असेल तेव्हा.