खिडकीजवळचं मशीन

प्रिय ऋतुजा,

फोन केला तर तू उचलणार नाहीस आणि चुकून उचललास तर माझा आवाज ऐकून ठेवून देशील, म्हणून कागद घेऊन बसले आहे. पण तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. काल आपल्या शरणम्मानं शिलाईची अख्खी लाइन थांबवली. हो, तीच. चौदा वर्षं बटणं लावतेय आणि तहान लागली तरी पाणी मागत नाही, ती.

आधी युनिटमध्ये काय उलथापालथ झालीय ते ऐक, नाहीतर तुला खरं वाटायचं नाही. दिवाळीनंतर सिद्धेश्वर मालकांनी सांगितलं की यापुढे दर आठवड्याला लाइन वेगळी बाई चालवणार, आणि प्रत्येक मशीनला एक लाल चिंधी बांधायची. काही चुकतंय असं वाटलं की चिंधी वर टांगायची, आणि टांगली की सगळ्यांनी हात थांबवायचे. कुणी विचारायचं नाही की तू कोण थांबवणारी. माझा कसला जळफळाट झाला म्हणून सांगू. वीस वर्षं सुपरवायझरकी केली आणि आता धागे कापणारी वैजयंती मला काम वाटून देणार? पहिला आठवडा मी तोंड फुगवूनच बसले. वैजयंती कटिंग टेबलापाशी उभी राहिली ती बिचकतच. पण तिनंच तिसऱ्या दिवशी कॉलर आणि बाहीची मशीनं शेजारी आणायला लावली आणि गठ्ठे घेऊन पळापळ करायचं कामच उरलं नाही. इतकी वर्षं मी तिथनं रोज जात होते, मला कधी सुचलं नव्हतं. मग मात्र मला चटकच लागली. आता मी सकाळी सगळ्यांच्या आधी जाते, आज कुणाच्या डोक्यातून काय निघतं ते बघायला.

तर काल. जूनच्या शाळांची घाई, आकाशी शर्टांची मोठी ऑर्डर, आणि भर दुपारी शरणम्माची चिंधी वर. सगळी मशीनं बंद. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये ऐकली नव्हती. ती दोन शर्ट घेऊन खिडकीशी गेली, आम्ही सगळ्या मागोमाग. ट्यूबच्या उजेडात दोन्ही सारखे, पण उन्हात धरले तर एकाची बाही अंगापेक्षा फिकी. दोन वेगळ्या ताग्यांचं कापड मिसळलं होतं.

तुला आता कळलं असेल मला काय आठवलं.

तीन वर्षांपूर्वी तू बाह्या लावायचीस. अशीच शर्ट घेऊन तू खिडकीशी गेलीस आणि मला म्हणालीस, अक्का, ह्यो रंग येगळा हाय. मी म्हणाले, तू बाही लाव, रंग बघायला मी आहे. सारखी उठून जातेस म्हणून तुझं मशीन खिडकीपासून उचलून भिंतीला लावलं. माल परत आला तेव्हा मालकांनी विचारलं, तर मी सांगितलं, बाह्या ऋतुजाच्या, तिनं मला रंगाचं काही सांगितलं नाही. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून केमला, आपल्या गावी निघून गेलीस. तू आणलेलं केमचं कुंकू मी अजून लावते, आणि रोज आरशात तुझी आठवण येते. ती आपोआप येते, त्यात माझा काही मोठेपणा नाही.

काल मालक खूश होऊन म्हणाले, उन्हात रंग बघायची ही युक्ती कुणाची? तो माल परत आल्यापासून उन्हात रंग बघायला मीच सगळ्यांना शिकवलं होतं, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. खरं सांगते, एक क्षण मला बरं वाटलं. मग माझ्या तोंडून निघूनच गेलं. सगळ्यांच्या देखत, मालकांच्या समोर, सगळं सांगितलं. की हे ऋतुजानं आधी ओळखलं होतं, मी ऐकलं नाही आणि वर खोटं बोलले. मालक खाली बघत राहिले. शेवटी शरणम्मा म्हणाली, "आमाला सांगून काय उपेग? जिचं हाय तिला सांग की."

म्हणून हे पत्र, ऋतुजा. मला माफ कर असं लिहायचं होतं, ते आता लिहिलं. तुझं मशीन आज सकाळी वैजयंतीनं आणि मी ढकलत पुन्हा खिडकीशी नेलं, चाकाला तेल घातलं. मालकांनी तुला वेगळं पत्र धाडलंय, तुझ्यावरचा ठपका काढल्याचं. तू यावंस की नाही ते तू ठरव, आणि नाही आलीस तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. पण पाळ्यांच्या फळ्यावर बायकांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुझं नाव लिहून ठेवलंय. लाइन तू चालवणार. त्या आठवड्यात बाह्या लावायचं काम मी मागून घेतलं आहे, आणि रंगाची शंका आली की मी शर्ट घेऊन तुझ्याकडे येईन.

अजून म्हणवून घेणार असशील तर तुझीच,
भुवनेश्वरीअक्का