दीडशेवा गोल आणि घसरगाडी

इटली, २ मार्च १९५४

प्रिय आई,

दूर राहिलेल्या तुझ्या सिक्स्टेनचा नमस्कार.

स्वीडनच्या रेडिओवर सांगितलंच असेल, रविवारी माझा दीडशेवा गोल झाला. आमच्या फुटबॉल क्लबात आजवर एवढे कुणीच केले नव्हते. लोकांनी मला खांद्यावर बसवून बाहेर नेलं. बरंच झालं, तेवढंच चालणं वाचलं.

तब्येत उत्तम आहे. उजवा गुडघा थोडा कुरकुरतो, पण सामन्याआधी डॉक्टर सुई टोचतात, मग दोन तास तो मला आहे हेच कळत नाही. मालिश करणारे ओत्ताव्यो माझी फार काळजी घेतात. काल म्हणाले, "अरे घोड्या, तू तिशीतला आणि हा गुडघा कुठल्या म्हाताऱ्याचा उचलून आणलास?" आम्ही दोघंही खूप हसलो. मग ते नुसते चोळत बसले.

इथे कॉफी अंगठ्याएवढ्या कपात देतात. तुझी किटली आठवते. सरपण कोण फोडून देतं? दुकानात अजून बर्फावरच्या घसरगाडीवरूनच जातेस ना? जपून जा.

हो, तिचंच एक विचारायचं होतं. एक पाय गाडीवर ठेवून दुसऱ्यानं बर्फाला लाथ मारायची, तर मी लहानपणापासून उजव्यानंच मारत आलो. डाव्यानं मारली तरी ती सरळ जाते का गं?

काही विशेष नाही, सहज विचारलं.

तुझाच,
सिक्स्टेन