देवीनं मागितलेली कविता

पांढुर्णा,
१९ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. मनकर्णाबाई यांस, सौंसर मुक्कामी,

धाकट्या भावजयीचा, पुष्पाचा, वाकून नमस्कार. इकडं तुमच्या आईंचा दमा जागच्या जागी आहे आणि तुमचे भाऊ दुकान अन् रेडिओ यांच्या मधात आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? (मी सांगितलेलं तेल लावलं नसेल, म्हणजे दुखतच असेल. असो.) भाऊजींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली बाई, दोन ओळींत हात दुखतो, म्हणून लांबण लावत नाही. आमची नलू कवितेच्या पेपरात पास झाली. काठावर झाली, पण काठावर बसलेला माणूस पाण्यात नसतो, हे तुमच्या भावाला मी कालपासून समजावून राहिली आहे.

तुम्हाला माहीतच आहे, बी.ए.च्या पहिल्या वर्षात पोरीचे बाकी सारे विषय निघाले, अन् कवितेत गचकली. (मराठी घरात जन्मून मराठीत नापास. मी तेव्हा काय काय बोलले ते पोस्टातून पाठवण्यासारखं नाही.) तुमच्या भावानं फैसला दिला की सप्लिमेंट्रीत निघाली तर ठीक, नाही तर कॉलेज बंद आणि तुम्ही आणलेलं रामाकोन्याचं स्थळ पक्कं. फोटो तुम्ही आपल्या हातानं आरशाच्या फळीवर ठेवून गेला होतात. पोरगा फटफटीवर हात ठेवून उभा आहे. (फटफटी कोणाची, ते फोटोत कळत नाही.) त्याचा संत्र्याचा बगीचा मोठा आहे असं तुम्ही म्हणालात, वय मात्र सांगितलं नाही. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तुम्ही जेवायला बसला होतात.

अन् ऐन अभ्यासात, पोळ्याच्या तोंडावर, नलूच्या अंगावर कांजण्या निघाल्या. घरात देवी आली म्हटल्यावर तुमच्या आईंनी दाराला कडुलिंब बांधला आणि कायदे सांगितले. फोडणी द्यायची नाही. पोरीनं डोळ्यांसमोर पुस्तक धरायचं नाही. ती जे मागेल ते देवीच मागते असं समजून द्यायचं. आणि घरात कोणी आवाज चढवायचा नाही. बिनफोडणीचं वरण मी गिळलं बाई, पण हा शेवटला कायदा सरळ माझ्या नावानंच काढलेला होता. शेजारची प्रेमलता दोनदा येऊन विचारून गेली की पुष्पाबाईंची तब्येत बरी आहे ना, आवाज नाही म्हणून विचारते.

तिसऱ्या दिवशी नलू डोळे मिटून म्हणाली, "तो फोटो हटवा." आईंनी हात जोडले आणि फोटो तांदळाच्या डब्यात घातला. मग पोरगी म्हणाली, मला कविता ऐकायची आहे. आता देवीनं आमच्या घरी आजवर दहीभात मागितला, थंड पाणी मागितलं, एकदा खोबरं मागितलं. कविता पहिल्यांदाच. तुमचे भाऊ म्हणाले, हे काही खरं दिसत नाही. आईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तर ते दुकानात गेले. नलूचे शिकवणीचे सर आमच्या घरी यायला तयार नव्हते (त्यांना लहानपणी कांजण्या झाल्या नव्हत्या म्हणे). म्हणजे कविता आणायला मलाच जाणं आलं, जशी गिरणीतून पीठ आणावं तशी.

सर तरुण आहेत, वरुडकडचे, बसस्टँडमागे खोली करून राहतात, तिथंच शिकवणी घेतात. पोरंपोरी सतरंजीवर, मी दारापाशी वाती वळत बसलेली. सर डोळे मिटून वाचतात. पहिल्या कवितेत एक माणूस विहिरीत चंद्र पाहून रडून राहिला होता. मी विचारलं, याच्या घरी कोणी वाट पाहणारं नाही का? सरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, काकू, कवितेला असं विचारायचं नसतं, तिच्यापाशी थांबायचं असतं. (मला दोन मिनिटं बसचीही वाट पाहवत नाही.) दुसरी कविता नवरीची. छकडा सासरी निघाला, वळणावर नवरीनं पडदा उचलला, मागं पाहिलं, आणि कविता खलास. मी म्हटलं, पुढं? सर म्हणाले, पुढं नाही. न सांगण्यातच गोडी आहे. असा अर्धा स्वयंपाक ताटात वाढला तर माणूस उठून जाईल. इथं पोरं माना डोलावून राहिली होती.

लिहिणं माझ्याच्यानं भरभर होत नाही, म्हणून मी एकेका कवितेची पदराला एकेक गाठ मारली. पण चिल्लरही त्याच पदरात बांधलेली. बाजारात काकडी घेताना घाईघाईत भलत्याच गाठी सोडल्या, आणि घरी येईस्तोवर चंद्रवाला माणूस नवरीच्या छकड्यात बसला होता. नलू ऐकून इतकी हसली की खपल्या ताणल्या. मग मला विचारलं, "माय, मंग त्या नवरीचं का झालं वं?"

आता सर म्हणाले ते मला पाठ होतं, न सांगण्यात गोडी वगैरे. पण लिंबाच्या पाल्यावर पडलेली पोरगी, तोंडभर फोड, अन् माझ्याकडे पाहून राहिली. मी म्हटलं, "उतरली. अन् पायी पायी घरी आली."

परीक्षेत तीच कविता आली, रसग्रहण करा म्हणून. नलूनं तेच लिहिलं. सरांनी कपाळाला हात लावला, कवीनं हे कुठं म्हटलं आहे, म्हणाले. सांगायला हरकत नाही, त्या दिवसापासून निकालापर्यंत एका शब्दापायी मी पोरीला रामाकोन्याच्या छकड्यात बसवलं असं वाटून राहिलं होतं. काल निकाल लागला. मला वाटते पेपर एखाद्या बाईनं तपासला असावा. घरी येऊन मी आधी लसणाची झणझणीत फोडणी दिली, मग काही कारण नसताना तुमच्या भावावर, प्रेमलतेवर आणि दुधवाल्यावर पोट भरून ओरडले. फार बरं वाटलं.

दिवाळीला या. गुडघा घेऊन या.

तुमची भावजय,
पुष्पा

ता.क. फोटो याच पाकिटात घातला आहे, तांदळाचं पीठ लागलं असेल तर पुसून घ्यावं. रामाकोन्याच्या लोकांना तुम्हीच नाही म्हणून कळवा, स्थळ तुम्ही आणलं होतं. देवीचा कौल नाही असं सांगा, म्हणजे कोणाचंच नाक कापलं जाणार नाही.

आणखी एक. नलू काल हसत हसत म्हणाली की तिसऱ्या दिवशी तिला ताप नव्हताच. मी तशीच तुमच्या आईंकडे गेले, म्हटलं, तुमच्या देवीनं फोटोबिटो काही मागितलं नव्हतं. त्यांनी तांदूळ निवडणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "मले का समजत नव्हतं? त्याचं वय मीबी पाहिलं होतं फोटोत." तेव्हा माझ्यावर रागावायचं असेल तर आधी तिकडं रागवा.

शेवटचं. तुमच्या आळीत मराठीचे एक जुने मास्तर राहतात ना? त्यांना सहज विचारून पाहा, ती छकड्यातली नवरी मग उतरली का. मी पोरीला उतरली म्हणून सांगून बसले आहे. नसेल उतरली, तर कळवू नका.