मोसंबीवरची गोधडी

किन्नौर, हिमाचल

ताई,

तुझ्या आन् दाजींच्या पाया पडतो. मी बराबर आहे. बोगद्याच्या कामावर जेवण चांगलं मिळतं, खोकलाबी कमी आहे. पोरी शाळेत जाऊन राह्यल्या ना?

फोनवर आई तुझ्या शेजारीच असती, म्हणून लिहितो. अण्णांची चिमूटभर राख कुंडीत घालून मोसंबीचं रोप मी इथं आणल्तं, ते गेलं.

दिवाळीनंतर त्याची पानं गळाली. मला वाटलं, ताण बसला. बहार धरायला अण्णा पाणी तोडायचे, तेव्हा आपली झाडं अशीच उघडी पडायची. मंग मीबी पाणी तोडलं आन् फुलांची वाट पाहिली. परवा नखानं साल खरडली, तर आतून काळी. थंडीनं ते कधीच मेल्तं.

आई रोज विचारती, "अण्णा कसे हायेत?" मी म्हणतो, मजेत.

तिनं अण्णांच्या धोतरांची गोधडी शिवून पाठवली. म्हणली, "त्यांना थंडी सोसत नव्हती, झाडावर टाकत जा."

तिला तू काही बोलू नको. ते रोप उपटायला माझा हात धजत न्हाई. रोज सांजच्याला त्या काटकीवर गोधडी टाकतो, मंगच आईला फोन लावतो.

तुझा,
अंगद