उमाजींच्या जोडीतला माझा बैल

मी, एकनाथ यशवंत उजागरे, वय एकाहत्तर, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, वकिलाच्या कचेरीतला निवृत्त कारकून, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाशिवाय लिहितो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सूनबाईंनी तो दोनदा वाचला.

१. राहते घर मुलगा श्रीकांत यास. केबलची तार त्याने माझ्या हयातीतच घरावरून ओढली, तेव्हा ताबा त्याचाच समजावा.

२. टाइपरायटर नात रेणू हिला. तिला मराठी नीट वाचता येत नाही. हे कलम वाचून दाखवावे.

३. चिक्कडपल्लीहून आणलेली, गाणे वाजवणारी दिव्यांची माळ सूनबाई वंदना हिचीच आहे. माझ्या शवपेटीला ती लावू नये.

४. आता बैल. माझे आजोबा उमाजी जालन्याकडचे शेतकरी. ख्रिस्ती झाले, पोळा सोडला. पहिल्या नाताळात त्यांनी मातीचा गोठा केला. योसेफ आणि मरिया वीतभर. शेजारी दीड वितेची बैलजोडी, शिंगांना बेगड. पाळकसाहेब म्हणाले, "उमाजी, पोळा सोडलास ना?"

"सोडला जी. पण गोठा म्हणल्यावर बैल नको?"

लूकचे शुभवर्तमान मी दर नाताळात वाचतो. त्यात बैल नाही. आजोबांना वाचता येत नव्हते. ते म्हणत, "थंडीचे दिवस, उघडं लेकरू. कुणाचा तरी श्वास लागला असंल, म्हणून जगलं." देव माणसांत आला म्हणजे काय, हे मला प्रवचनांपेक्षा त्या श्वासाने अधिक कळले.

१९७१ साली वडील गेले. वाटणी मी केली : एक बैल मला, एक धाकट्या केशवला. तो म्हणाला, "दादा, जोडी फोडू नको. दोन्ही तूच ठेव." मी म्हणालो, वाटणी म्हणजे वाटणी. ती पूर्णपणे कायदेशीर होती. तेव्हापासून तो जवळच्याच अंबरपेठेत, मी इथे, बोलणे बंद. सूनबाईंनी नाताळच्या गोठ्यातल्या मोकळ्या जागी प्लॅस्टिकचा जिराफ उभा करून पाहिला. रेणूने विचारले, "आजोबा, ये बैल अकेला कायको?" मी तिला चष्मा शोधायला पाठवले. चष्मा माझ्या नाकावरच होता.

सबब माझा बैल मी केशवला देतो. अट एकच : गोठ्यात दोघांची तोंडे बाळाकडे असावीत. उजवे शिंग मीच मोडले आहे. केशव ते म्हणेलच, म्हणून आधी लिहून ठेवतो.

ताजा कलम. ठरलेले दुसरे साक्षीदार आले नाहीत. श्रीकांत मला न विचारता स्कूटरवर केशवलाच घेऊन आला. केशवने उभ्यानेच सगळे वाचले. मी म्हणालो, "साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर बैल गेला."

तो म्हणाला, "तू मेल्यावर बैल घेऊन मी काय करू? पंचवीसला तू ये, दादा. बैलासकट." आणि त्याने सही केली.

त्यामुळे कलम ४ निष्फळ झाले आहे. बैल मी स्वतः नेत आहे.

स्थळ : नल्लकुंटा, हैदराबाद
दिनांक : १९ डिसेंबर १९९४

लिहिणार : एकनाथ यशवंत उजागरे

साक्षीदार :
१. कुसुमताई जोशी, शेजारी
२. केशव यशवंत उजागरे, भाऊ