मॅकरे साहेबाचा नकाशा

ग्लासगो, ४ मार्च

बाबा,

पाया पडतो. थंडी लई आहे, पण आईनं विणलेला स्वेटर आहे. तुमचा खोकला कमी झाला काय?

चाळीस वर्षं चुन्याचं काम केलेल्या तुम्हाले शाळेचे ट्रस्टी म्हणतात, छत चुन्याचंच होतं, तर मूळ नकाशा दाखवा, नाहीतर सिमेंट मारू. म्हणून शाळा बांधणाऱ्या मॅकरे साहेबाच्या गावात मी महिनाभर जुने कागद चिवडून राहिलो. शंभर वर्षांआधी तो इथूनच नागपूरले राहाले गेला होता.

काल नकाशा भेटला. बिजागऱ्यांचंही माप आहे. छताच्या चुन्यापुढं मात्र साहेबानं लिहिलं, 'कसा भिजवायचा, ते नागपूरच्या मिस्त्रीले विचारा.'

काहून आलो मी इतक्या दूर?

नक्कल ट्रस्टींले धाडली आहे. ते विचाराले येतील, तवा लगेच सांगू नका. आधी अंगणात बसवा थोडं.

तुमचा,
दुर्गेश